फुलदाणीतील बंडखोर

वसंतात बाग फुलली की प्रसन्न होणे हे पाहुण्यांचे काम असते. ज्याने ती लावली, त्याच्या वाट्याला कात्री येते. फुलदाणीसाठी म्हणून मुद्दाम वेगळा वाफा राखला की हे दुखणे आणखी वाढते, कारण रोप जोपासणारा आणि फूल कापणारा माणूस एकच असला, तरी त्या दोघांचे आपसांत मुळीच पटत नाही.

त्यांचा खटका उडतो तो फूल येण्याच्याही आधी. स्नॅपड्रॅगनचे रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा खुडावा, म्हणजे खालच्या कळ्यांवरचा शेंड्याचा वचक संपतो आणि एका दांड्याच्या जागी चार-सहा फांद्या फुटतात, हे शास्त्र मला मान्य आहे. कार्यालयांतही असेच घडते, असे माझे निरीक्षण आहे. तरीही जे रोप बोटभर असल्यापासून आपण गोगलगायींच्या तोंडून वाचवले, त्याचा शेंडा स्वतःच्या नखाने खुडताना मन खाते. स्वीट पीचे तर सगळे तंत्रच उफराटे. त्याची फुले तोडत राहावे, तोवर ती येत राहतात. पण दया येऊन चार फुले वेलावरच राहू दिली की त्यांच्या शेंगा धरतात, वंशाची सोय झाली असे वेल समजतो आणि बहर आवरता घेतो.

फुले भल्या सकाळी कापावीत, कारण रात्रभरात देठ पाण्याने टच्च भरलेले असतात. त्या वेळी माझे डोळे मात्र अर्धवट मिटलेले असतात, त्यामुळे फुले ताजी आणि मी कोमेजलेला, अशी आमची वरात बादलीसह घरात येते. मग पाण्याखाली जाणारी पाने काढायची (ती कुजली की पाण्यात जिवाणू माजतात आणि देठांच्या नळ्या तुंबतात), देठ पुन्हा तिरपे छाटायचे आणि काही तास सगळी फुले थंड, अंधाऱ्या जागी गळ्यापर्यंत पाण्यात ठेवायची. आमच्या घरात थंड आणि अंधारी अशी जागा एकच आहे, ती म्हणजे न्हाणीघर.

“अहो, तुमच्या फुलांची आंघोळ आटोपली असेल, तर माणसांनी जावं का?” असा प्रश्न दाराबाहेरून येतो, तेव्हा डॅफोडिलला स्वतंत्र बादली का लागते हे समजावून सांगण्याची ती वेळ नसते. वस्तुतः कारण सबळ आहे. डॅफोडिलच्या कापलेल्या देठातून चिकट रस पाझरतो आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या ट्युलिपांना तो बाधतो. म्हणून त्याला काही तास वेगळे ठेवावे लागते आणि नंतर त्याचा देठ पुन्हा छाटायचा नसतो, नाहीतर पाझर नव्याने सुरू होतो. खसखशीच्या जातीच्या फुलांचे देठ दुधाळ चीक गाळतात, तर त्यांची टोके काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवावी लागतात. घरात आजारी माणसाचीही इतकी पथ्ये कोणी पाळत नाही.

एवढे सोपस्कार सोसलेले फूल फुलदाणीत तरी मुकाट बसेल, या भ्रमात कोणी राहू नये. मी संध्याकाळी मोठ्या तन्मयतेने रचना करतो. उंची फुलदाणीच्या दीडपट, मोठी फुले खाली, लहान वर, ट्युलिप डावीकडे किंचित झुकलेले. सकाळी पाहावे तो ट्युलिपांनी परस्पर निर्णय घेतलेला असतो. कापल्यावरही त्यांचा देठ वाढत राहतो आणि उजेडाकडे वळतो, त्यामुळे शेजाऱ्यांच्या डोक्यावरून माना काढून ती सर्व मंडळी खिडकीबाहेर पाहत असतात. मी डौलदारपणे आडवा सोडलेला स्नॅपड्रॅगन गुरुत्वाकर्षणाचा निषेध म्हणून टोकाशी काटकोनात वर वळलेला असतो. फुलदाणी फिरवावी, तर दिवसभरात ट्युलिप पुन्हा खिडकीशी हजर.

अशा वेळी मला चित्रकारांचा हेवा वाटतो. अठराव्या शतकातील डच चित्रकार यान फान हाउसुम याच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतील एका पुष्पचित्रावर 1736 आणि 1737 अशी दोन साले आहेत. हवे ते फूल आपल्या ऋतूत उमलेपर्यंत थांबायचे, मग ते रंगवायचे आणि पुढच्या फुलाची वाट पाहायची. त्याचा एकही ट्युलिप रात्रीतून वाढला नाही. माझ्या वाफ्यात ट्युलिप असतात तेव्हा गुलाब नसतो, आणि गुलाब येतो तेव्हा ट्युलिपची पिवळी पाने तेवढी उरलेली असतात.

अलीकडे आमच्या घरात फळांची टोपलीही हद्दपार झाली आहे. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि त्याने स्वीट पी व कार्नेशन वेळेआधीच मान टाकतात, हे मी जेवणाच्या टेबलावर सप्रमाण सिद्ध केले. त्यावर फुलदाणीच टेबलावरून हलवावी, असा ठराव आला आणि तो बहुमताने संमत होऊनही मी अमलात आणलेला नाही. सध्या सर्वांची भिस्त बहर ओसरण्यावर आहे. स्वीट पीच्या शेंगा धरू लागल्या असून आता न्हाणीघर मोकळे होणार, अशी चर्चा माझ्या कानांवर येते. उन्हाळ्यासाठी मी झिनियाचे बी पेरले आहे, हे मी अजून कोणाला सांगितलेले नाही.