‘राइट इरेज’ केलं तरी जुने व्हीलॅन का राहिले? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेच्या तयारीसाठी स्विच (संगणक नेटवर्कला जोडणारा डबा) कसा कॉन्फिगर करायचा, यावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे आक्षेप तीन. मी सांगितलं तसं ‘राइट इरेज’ आणि ‘रीलोड’ करूनही तुम्ही घेतलेल्या जुन्या सिस्को २९६० स्विचवर आधीच्या मालकाचे व्हीलॅन (एकाच स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्कं) तसेच राहिले. पॅकेट ट्रेसर हा सिस्कोचा सिम्युलेटर फुकट मिळत असताना विद्यार्थ्यांना स्विच विकत घ्यायला सांगणं योग्य नाही. आणि ट्रंकच्या (अनेक व्हीलॅन एकाच केबलवरून नेणाऱ्या जोडणीच्या) एका कमांडवर मी अर्धा लेख घालवला, परीक्षेत त्यावर फार तर एखादा प्रश्न येतो.

पहिल्या बाबतीत चूक माझी आहे. ‘राइट इरेज’ने फक्त स्टार्टअप-कॉन्फिग, म्हणजे स्विच चालू होताना वाचतो ते सेव्ह केलेलं कॉन्फिग, पुसलं जातं. स्विच व्हीटीपी (व्हीलॅनची यादी एका स्विचवरून बाकीच्यांकडे आपोआप पोचवणारी पद्धत) सर्व्हर मोडमध्ये असेल, आणि कारखान्यातून तो तसाच येतो, तर २ ते १००१ या क्रमांकांचे व्हीलॅन त्या फाइलमध्ये नसतातच. ते फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’मध्ये असतात. म्हणून आधी ‘डिलीट फ्लॅश:व्हीलॅन.डॅट’, मग ‘राइट इरेज’, मग ‘रीलोड’. सेव्ह करायचं का असं विचारलं, तर ‘नो’. त्याच फाइलमध्ये व्हीटीपीचं डोमेन नाव आणि रिव्हिजन नंबरही (यादीतल्या बदलांबरोबर वाढणारा आकडा) असतो, आणि खरा धोका तिथे आहे. डोमेन जुळलं आणि या जुन्या स्विचचा रिव्हिजन नंबर जास्त असला, तर ट्रंकला जोडल्याबरोबर चालू नेटवर्कमधले व्हीलॅन पुसले जाऊन याची यादी सगळीकडे जाते. स्विच क्लायंट मोडमध्ये असला तरीही. त्यामुळे पुसल्यावर ‘शो व्हीटीपी स्टेटस’ बघून रिव्हिजन शून्य असल्याची खात्री करा, मगच केबल लावा. लेखातला तो परिच्छेद मी आज बदलला आहे.

स्विच विकत घेण्याबद्दल तुमचं बरंचसं पटलं. फीचे पैसे जमवतानाच ज्याची ओढाताण होते, त्याला आणखी खर्चात पाडू नये. व्हीलॅन, ट्रंक, इथरचॅनल, स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये फेरे होऊ नयेत म्हणून जादा वाटा रोखणारी पद्धत) हे सगळं पॅकेट ट्रेसरवर नीट होतं. ‘घ्यायलाच हवा’ हे शब्द मी काढले. तरी जुन्या मालकाचं कॉन्फिग पोटात घेऊन आलेला स्विच तुम्हाला खऱ्या डब्यातच भेटला, हेही खरं.

तिसरा आक्षेप मात्र मान्य नाही. २००-३०१ या सीसीएनए परीक्षेच्या अभ्यासक्रमात नेटवर्क ॲक्सेसला २० टक्के वजन आहे आणि ट्रंक त्यातच येतो. पण मी इतकं लिहिलं ते गुणांसाठी नव्हे.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी पुण्यात बसून चाकणच्या एका कारखान्यातल्या स्विचवर काम करत होतो. अपलिंकवर (बाकीच्या नेटवर्ककडे जाणाऱ्या ट्रंकवर) व्हीलॅन १०, २० आणि ९९ चालू होते, त्यात ३० टाकायचा होता. मी टाइप केलं, ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’. एंटर दाबला आणि कर्सर जागीच थांबला. ‘ॲड’ हा शब्द राहिला होता. तो नसला की यादीत भर पडत नाही, आख्खी यादीच बदलते, आणि स्विच ‘नक्की का?’ असं विचारतही नाही. मॅनेजमेंटचा व्हीलॅन ९९, ज्यावरून मी स्विचशी जोडलेला होतो, तो गेला, त्यासोबत माझं सेशनही. शॉपफ्लोअरवरची बारकोड स्कॅनरं बंद पडली. बदल सेव्ह केलेला नव्हता, म्हणून स्टोअरमधल्या काकांना फोन करून स्विचचा प्लग काढून परत लावायला सांगितलं. स्विच उठेपर्यंतची ती काही मिनिटं मी फक्त पिंगची खिडकी बघत होतो. सवयीने ‘राइट मेमरी’ (सेव्ह करायची कमांड) मारली असती, तर कन्सोल केबल घेऊन चाकण गाठावं लागलं असतं. तेव्हापासून लांबच्या स्विचवर अपलिंकला हात लावण्याआधी मी ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी स्विच आपोआप रीस्टार्ट) देतो आणि काम नीट झालं की ‘रीलोड कॅन्सल’.

पॅकेट ट्रेसरवर हे मुद्दाम बिघडवून बघा. दोन स्विच, मध्ये ट्रंक. ‘ॲड’शिवाय कमांड द्या आणि ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ सावकाश वाचा. त्यात व्हीलॅनच्या तीन याद्या येतात: ट्रंकवर परवानगी असलेले, त्यांपैकी स्विचवर चालू असलेले, आणि स्पॅनिंग ट्रीने खरोखर पुढे सोडलेले. ३० पहिल्या यादीत आहे पण दुसऱ्या यादीत नाही, म्हणजे त्या स्विचवर तो व्हीलॅन तयारच केलेला नाही. दुसऱ्या यादीत आहे पण तिसऱ्या यादीत नाही, तर आधी स्पॅनिंग ट्रीकडे बघा.

तुमच्या २९६० वर ‘व्हीलॅन.डॅट’ उडवल्यानंतर ‘शो व्हीलॅन ब्रीफ’मध्ये १ आणि १००२ ते १००५ एवढेच दिसायला हवेत. आणखी काही दिसलं, तर ते आउटपुट इथेच टाका, बघतो.