चार ओहमचा संसार

चांगला स्पीकर घरात कधी एकटा येत नाही. त्याच्या मागोमाग अँप्लिफायर येतो, अँप्लिफायरमागे वायरी, वायरींमागे इलेक्ट्रिशियन, त्याच्यामागे सुतार, आणि सगळ्यात शेवटी बेल न वाजवता थेट सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खालच्या मजल्यावरचे काका.

आमच्याकडे स्पीकर आले ते ऑस्ट्रेलियाला निघालेल्या एका मित्राकडून, निम्म्या किमतीत. निम्मी किंमत हा मध्यमवर्गीय घरात बिनतोड मुद्दा असतो. "कशाला?" हा प्रश्न तिथेच बाद होतो, उरतो तो फक्त "कुठे?" छातीएवढे उंच, अक्रोडी रंगाचे, रुबाबदार. घोडबंदर रोडवरच्या आमच्या दहा बाय सतराच्या हॉलमध्ये ते उभे केल्यावर बाल्कनीचं सरकतं दार निम्मंच उघडायला लागलं. बायको म्हणाली, "असू दे, मी काही एवढी जाड नाही." इतका समजूतदारपणा नंतर पुन्हा पाहायला मिळाला नाही.

जुना रिसीव्हर, म्हणजे सिनेमाचा आवाज सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा डबा, होताच. खोक्यावर ठळक आकड्यांत 150 वॅट. पण रिसीव्हरच्या खोक्यावरचे वॅट हे बिल्डरच्या जाहिरातीतल्या 'स्टेशनपासून दहा मिनिटां'सारखे असतात. खोटे नसतात, फक्त ती दहा मिनिटं पहाटे तीनची असतात. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात खरी हकीकत होती: एकच चॅनल (म्हणजे एकच स्पीकर) चालू, 6 ओहम, 1 किलोहर्ट्झ, 10 टक्के डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाटेपर्यंत. सातही चॅनल एकदम कामाला लावले की त्या दीडशेतले किती उरतात, हे त्या पानावरही छापलेलं नव्हतं.

आणि आमचे स्पीकर 4 ओहमचे. शाळेत ओहमचा नियम पाठ केला तेव्हा तो उतारवयात असा अंगावर येईल असं वाटलं नव्हतं. रोध निम्मा झाला की त्याच व्होल्टेजला करंट दुप्पट लागतो. शिवाय 4 हा झाला नावापुरता आकडा. खालच्या सुरांत तो तीनाच्या आसपासही घसरतो, म्हणजे जिथे दणका हवा नेमकं तिथेच हे महाशय जास्त करंट मागतात.

पहिल्याच रविवारी सिनेमात इमारत कोसळायला आली. इमारत अर्धी खाली आली, आणि रिसीव्हरच्या पोटातून "टक्" असा आवाज आला. रिले, म्हणजे आतला सुरक्षेचा खटका, सुटला, तांबडा दिवा मिचमिचू लागला, पडद्यावर इमारत मुकाट्याने पूर्ण कोसळली. "बरं झालं," आतून आवाज आला, "कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती."

मेनूत 4 ओहमचा एक पर्याय होता. तो निवडला की बहुतेक रिसीव्हर आतलं व्होल्टेजच आवळून घेतात. टक् थांबलं, पण सगळे कलाकार उपास केल्यासारखे बोलायला लागले. तेव्हा मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठणं आलं. ठाण्याहून फास्ट पकडून दादर, तिथून वेस्टर्नने ग्रँट रोड. दुकानदाराने माझं सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टर विचारतात तसा एकच प्रश्न विचारला, "प्री-आउट आहेत?"

प्री-आउट म्हणजे वेगळा अँप जोडायच्या मागच्या खाचा. आहेत म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. रिसीव्हर टाकायचा नाही. एचडीएमआय, डॉल्बी, रिमोट ही सगळी कारकुनी त्याच्याकडेच ठेवायची. फक्त पुढच्या तीन स्पीकरांची हमाली वेगळ्या पॉवर अँपला द्यायची. हे मला मनापासून पटलं. पंचवीस वर्षं ऑफिसात मी हेच सांगत आलोय, की एकाच माणसाकडून दोन्ही कामं करून घेऊ नका.

मग त्याने वायरी दाखवल्या. मीटरला जो भाव होता त्यात आमच्याकडे पैठणी येते, आणि ती निदान लग्नात नेसता तरी येते. इथे मी ठाम राहिलो. अडीच एमएमच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला 7 मिलिओहमच्या आसपास. पाच मीटरचं जाणं-येणं धरलं तरी 0.07 ओहम. चारात सात शतांश ज्याला ऐकू येतात त्याने खुशाल वायर घ्यावी. मी वर्तकनगरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातून घेतली. दुकानदाराने "गिझरला का?" असं विचारलं, मी हो म्हणालो.

पॉवर अँप आला पंचवीस किलोचा. आत टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराचा, ट्रान्सफॉर्मर असतो, सगळं वजन त्याचं. मेट्रो 4 च्या कामातून वाट काढत टेम्पो आला, वॉचमनने रजिस्टरमध्ये 'मिक्सर (मोठा)' अशी नोंद केली, आणि अँप टीव्ही युनिटपाशी पोचल्यावर कळलं की युनिटची खोली चौदा इंच आहे आणि अँपची अठरा. सुताराने मागची प्लाय कापली. पुढे दोन इंच बाहेर राहिलं त्यावर आता आई चष्मा ठेवते. तो गरम होतो म्हणून तक्रारही करते. अँप क्लास एबीचा, पिलेल्या विजेतला बराचसा भाग उष्णता म्हणून परत करणारा. क्लास डीचा घेतला असता तर नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता मिळाली असती, हे मला मे महिन्यात घरातल्या प्रत्येकाने ऐकवलंय.

बटण दाबलं आणि घर अंधारात गेलं. इतका मोठा ट्रान्सफॉर्मर सुरू होताना क्षणभर भलताच करंट ओढतो, तो बघून एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका, पडला. इलेक्ट्रिशियन दादा आले, बोर्ड उघडून म्हणाले, "बी टाइप आहे, सी टाकतो. आकडा तोच ठेवायचा, 16." बी टाइप तीन ते पाचपट करंटला लगेच पडतो, सी पाच ते दहापटीपर्यंत दम धरतो. सी टाइपची माणसं घरात असती तर किती बरं झालं असतं असा एक विचार तेव्हा मनात आला, तो मनातच ठेवला.

घर उजळलं, आणि स्पीकरमधून "घूंऽऽ" सुरू झालं. सिनेमा नाही, गाणं नाही, नुसतं घूं. हे अर्थिंगचं लफडं असतं. अँपला अर्थ मिळते भिंतीतल्या पिनेतून, आणि केबलवाल्याची वायर स्वतःची वेगळी अर्थ घेऊन सेट-टॉप बॉक्समार्गे घरात शिरते. दोन अर्थांच्या मध्ये आपला 50 हर्ट्झचा सरकारी सूर गात बसतो. दादांनी सुचवलं, "तिसरी पिन काढून टाकू का?" ती मात्र कोणी कधीही काढू नये. घूं जाईल, पण एखाद्या दिवशी अँपच्या पेटीला हात लावणारा माणूसही जाईल. केबलची वायर उपटून बघितली, घूं गायब. त्या वायरीवर दोन अर्थ वेगळ्या ठेवणारा एक छोटा आयसोलेटर बसवला, दीडशे ग्रॅमचा. एवढ्या सगळ्या खरेदीत मला सगळ्यात आवडलेली वस्तू तीच.

आता उरलं कॅलिब्रेशन. सोफ्यावर कानाच्या उंचीला माइक ठेवायचा, रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून "झुईईप" असा सूर सोडतो आणि खोलीचा स्वभाव मोजतो. अट एकच, घरात शांतता हवी. ही अट लिहिणारा माणूस ठाण्यात राहत नसावा. पहिल्या झुईईपला कुकरने शिट्टी दिली. दुसऱ्याला भंगारवाला आला. तिसऱ्याला लिफ्टचं दार कोणीतरी उघडं टाकलं आणि ती बाई "कृपया दरवाजा बंद करें" म्हणत राहिली. पडद्यावर सूचना आली: परिसरातील आवाज फार आहे. बायको म्हणाली, "मशीनला कळतं, तुम्हाला कळत नाही."

रात्री करावं, तर ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम सांगतात की निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा मर्यादा 45 डेसिबल. झुईईप त्यात बसत नाही. शेवटी दिवाळीत सगळे सासुरवाडीला गेल्यावर पंखे, फ्रिज, सगळं बंद करून, श्वास रोखून ते उरकलं. निष्कर्ष असा निघाला की दोष आमच्या भिंतींचा आहे. समोरासमोरच्या दोन भिंतींत दहा फूट अंतर असलं की 56 हर्ट्झच्या आसपासचा सूर त्यांच्यात ठाण मांडून बसतो, आणि भिंतीला टेकलेल्या सोफ्यावरच सगळ्यात जास्त घुमतो. उपाय, सोफा पुढे ओढा. ओढला. आता स्वयंपाकघरात जायला आडवं चालावं लागतं.

आवाज मात्र काय सांगू! वीणेच्या तारेवरचं बोट सरकलेलं ऐकू येतं. ते ऐकायला एक वॅटही लागत नाही, ही यातली खरी मौज. आमच्या स्पीकरांच्या हिशेबाने सोफ्यावर माणसाचं बोलणं नीट ऐकू यायला वॅटचा दहावा हिस्सा पुरतो. पण आवाज 3 डेसिबलने चढवायचा तर वॅट दुप्पट, कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबल म्हणजे दहापट. थिएटरच्या पातळीचा दणका हवा तर आठशे-हजार वॅटची भाषा सुरू होते. म्हणजे दुकानदारही बरोबर आणि बायकोही बरोबर. अशा वेळी पैसे देणाऱ्याने कोणाची बाजू घ्यायची?

रिसीव्हरच्या पाटीवर आवाज उण्यात दिसतो. शून्य म्हणजे थिएटर, बसल्या जागी 105 डेसिबलपर्यंतचे धक्के. आमचा संसार उणे 35 ला चालतो. उणे 30 ला आतून "अहो" येतं. उणे 25 ला काका ग्रुपवर लिहितात, "रात्री घरघंटी कोणाकडे चालू असते?" सबवूफरचे, म्हणजे नुसत्या खालच्या सुरांसाठीच्या स्पीकरचे, सूर स्लॅबला जुमानत नाहीत, त्याला मी काय करू? मीही खाली लिहिलं, "हो, मलाही ऐकू येते."

आईचं म्हणणं वेगळंच. मालिकेत संवाद सगळे मधल्या स्पीकरमधून येतात, ते तिला आता धाडधाड संगीतातूनही स्वच्छ कळतात. पाटीकडे बघून ती म्हणाली, "उणे पस्तीस? एवढे पैसे घातलेस आणि अजून शून्यावरसुद्धा आला नाही? वाढव की!"

काल दुकानदाराचा मेसेज आला. मधला स्पीकर वेगळ्या कंपनीचा असल्याने तिघांचा पोत जुळत नाही, जुळणारा आलाय, नुसता ऐकायला तरी या. मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर येऊन बघतो तर माझ्याच फोनवरून उत्तर गेलेलं: "साहेब गावी गेलेत. कधी येतील ते नक्की नाही."