जुना कॉम्प्युटर वाचवायचाय? आधी त्याला नीट मरू द्या

तुम्ही कुठल्यातरी कॉलेजात दाखला आणायला जाता, क्लार्क जेवायला गेलेला असतो, म्हणून उगाच इकडेतिकडे फिरता, आणि जिन्याखाली तुम्हाला ते दिसतात. पिवळे पडलेले कॅबिनेट, एकमेकांच्या डोक्यावर बसवलेले मॉनिटर, एकावरून मुंग्यांची रांग चाललेली, वर कोणीतरी गॅदरिंगच्या कमानीचं थर्माकोल टाकलेलं. तुमच्या छातीत धस्स होतं. अहो हा 386 आहे, इंटेलच्या त्या जुन्या 386 प्रोसेसरचा कॉम्प्युटर! टर्बो बटणवाला 386!! झालं, आता तुम्ही कामातून गेलात. तेव्हा जायचंच आहे तर निदान पद्धतशीर जा, म्हणून हा सल्ला, फुकट आहे.

पहिलं म्हणजे मशीन चालू असेपर्यंत मागायचं नाही. चालू मशीन मागणारा ऑफिसच्या लेखी चोर आणि बंद मशीन मागणारा वेडा, आणि आपल्याकडे वेड्याला निदान चहा तरी मिळतो. शिपाई लगेच म्हणेल, "घेवन जावा हो, आमकां नुसती अडचण झाली हा." तुम्ही खूश होऊन रिक्षा बघायला धावाल. धावू नका. शिपायाच्या वर हेडक्लार्क असतो आणि हेडक्लार्कच्या वर डेडस्टॉक रजिस्टर. त्या रजिस्टरात हे मशीन अजून ठणठणीत आहे, कीबोर्ड, माऊस आणि 'माऊस पॅड, नग 1' यांच्यासकट. माऊस पॅड उंदरांनी कधीच खाल्लं, पण नोंद आहे म्हणजे वस्तू आहे, आणि वस्तू आहे म्हणजे ती देता येत नाही, आणि देता येत नाही म्हणून ती जिन्याखाली आहे. यात तुम्हाला काही विसंगती दिसत असेल तर तुम्ही सरकारी नोकरीत नाही एवढाच त्याचा अर्थ.

खाजगी कंपनीत काम सोपं होईल असं वाटत असेल तर घसाऱ्याचं गणित एकदा करून बघा. आयकराच्या हिशेबात कॉम्प्युटरवर दरवर्षी 40 टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. म्हणजे 50,000 चं मशीन पहिल्या वर्षी 30,000, मग 18,000, दहा वर्षांनी 302 रुपये, आणि वीस वर्षांनी एक रुपया त्र्याऐंशी पैसे. शून्य कधीच नाही. गणितानेच अमर केलेली वस्तू तुम्ही मागताय, तर अकाउंटंट तुमच्याकडे तसं बघणारच.

मग निर्लेखन, म्हणजे वस्तू रजिस्टरातून रीतसर काढून टाकणं. हा शब्द पाठ करा, मंत्रासारखा. निर्लेखनाला समिती लागते, समितीतला एक मेंबर रिटायर झालेला असतो, एकाची बदली झालेली असते, आणि उरलेले साहेब मीटिंगला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, गेलेले असतात. तुम्ही अर्ज करा, पोच घ्या, आणि आंब्याचा सीझन संपला की परत या. सीझन संपल्यावर कळेल की तुमचा अर्ज आवक रजिस्टरात चढलाय पण 'विषय' या रकान्यात 'संगणक दुरुस्तीबाबत' असं लिहिलंय, त्यामुळे तो दुरुस्तीच्या फाईलला लागला. नवीन अर्ज करा.

आणि समिती चुकून बसलीच, तरी कायदा आहे. ई-कचऱ्याचे नियम पहिल्यांदा 2011 चे, लागू झाले 1 मे 2012 पासून, आताचे 2022 चे, लागू 1 एप्रिल 2023 पासून. त्यात मोठ्या संस्थांनी आपला ई-कचरा फक्त नोंदणी केलेल्या उत्पादकाला, रिफर्बिशरला (जुनं दुरुस्त करून परत वापरात आणणारा) किंवा रिसायकलरला द्यायचा. नियम चांगलाच आहे हो, नाहीतर पूर्वी वायरी नदीकाठी जाळून तांबं काढायचे ते काय आपण बघितलं नाही? पण त्या यादीत 'हौस म्हणून मागणारा' असा प्रकार नाही. तेव्हा तुम्ही एकतर रिफर्बिशर म्हणून नोंदणी करा, किंवा भंगारवाल्याशी सोयरीक जुळवा. दुसऱ्या गोष्टीला कमी कागद लागतात, आणि तो घेताना मशीन इंटेलचं आहे की कोणाचं हे विचारत नाही, काटा लावतो.

तोपर्यंत काय? तोपर्यंत काही करू नका, हवामान करतंय सगळं. रत्नागिरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस, सिंधुदुर्गातही काही कमी नाही, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात, आणि जिन्याखालच्या जागेला भिंती तीनच असतात. त्यात समुद्रावरची खारी हवा. कॅबिनेटचे स्क्रू आधी लाल होतात, मग त्यांचा आणि पत्र्याचा एकच ऐवज होतो. रॅमच्या पट्टीचे दात काळे पडतात. पॉवर सप्लायच्या पंख्यात कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, आणि खरं सांगायचं तर त्या अख्ख्या ऑफिसात वेळेत पूर्ण झालेलं बांधकाम तेवढं एकच.

पण खरी गंमत आत आहे. 386 आणि त्याच्या पुढच्या पिढीतल्या सुरुवातीच्या 486 च्या मदरबोर्डवर, बरेचदा कीबोर्डच्या सॉकेटजवळ, एक छोटं नळकांडं सोल्डर केलेलं असतं, 3.6 व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी, मशीन बंद असताना घड्याळ आणि सेटिंग सांभाळायला. ती म्हातारी झाली की पाझरते. आधी टोकाला मिठासारखी पांढरी पूड, मग तिच्याखाली हिरवा-निळा शेवाळी डाग, मग त्या डागाखाली बोर्डवरच्या तांब्याच्या केसाएवढ्या रेघा एकेक करून काळ्या पडतात आणि तुटतात. कडेची चिप तिच्या पायांसकट खलास. मशीन बंद करून ठेवतानाच ती बॅटरी कटरने कापून टाकायला दोन मिनिटं लागतात, त्यासाठी इंजिनियर लागत नाही. पण बॅटरी हा नोंद असलेल्या वस्तूचा भाग, आणि नोंद असलेल्या वस्तूशी छेडछाड करायला मंजुरी लागते. म्हणून मंजुरी येईपर्यंत बॅटरीच वस्तूशी छेडछाड करते. तुमच्या हातात बोर्ड आलाच तर पाझरलेल्या जागी थोडं पांढरं व्हिनेगर लावा, तो अल्कलीचा डाग मरतो, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. व्हिनेगर संपलं म्हणून घरातलं कोकमाचं आगळ ओतू नका, त्यात मीठ असतं. हसू नका, हे करणारी माणसं आहेत.

(पुराबद्दल एक. 22 जुलै 2021 ला चिपळुणात जे झालं ती थट्टेची गोष्ट नाही, लोकांची दुकानं, घरं, आयुष्यभराचे कागद गेले. थट्टा आहे ती पुरानंतरच्या यादीची. कुठल्याही ऑफिसातली त्याच्याआधी दोन-चार वर्षं गायब असलेली वस्तूसुद्धा त्याच पाण्यात वाहून जाऊ शकते, अगदी ते ऑफिस टेकडीवर असलं तरी.)

आता मुख्य सल्ला, हा नीट ऐका. डबा वाचवा, आतलं जाऊ द्या. सगळे असंच करतात. फोटोत डबाच येतो, त्यावरचा कंपनीचा बिल्ला येतो, एचसीएल म्हणा, विप्रो म्हणा, झेनिथ म्हणा, आणि खाली लोक 'आहाहा काय दिवस होते' लिहितात. आतल्या स्लॉटमध्ये एक लांबलचक कार्ड असेल तर ते काढून बाजूला ठेवा, नाहीतरी ते काय आहे कोणाला कळणार. ते कदाचित जिस्ट कार्ड असेल. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं काम, मग 1988 पासून पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने पुढे नेलेलं, विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळ्या पडद्यावर, वर्डस्टारमध्ये (टायपिंगचा प्रोग्राम), डीबेसमध्ये (याद्या-नोंदींचा) देवनागरी उमटवणारं. युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारी अक्षरांची एकच पद्धत, बाळसं धरायच्या आधी मराठीत पत्रं आणि याद्या ज्यावर झाल्या त्यातलं हे एक. आज ते कार्ड दाखवायला एकेक चालू मशीन शोधावं लागतं, पण तुम्हाला काय, तुमच्या शेल्फवर डबा छान दिसतोय.

फ्लॉप्यांचंही तेच. सव्वापाच इंची, 360 केबीची, कव्हरवर कोणाच्यातरी वळणदार अक्षरात 'मा.सा. अहवाल, प्रत 2'. दमट जागेत पडलेल्या फ्लॉपीच्या चकतीवर बुरशीचे गोल गोल ठिपके येतात, आणि तशीच ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हचं हेडही घाण होतं, मग पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा ते खरवडतं. म्हणजे वाचवणाराच मारतो. त्यात चुकून फाईल निघालीच तर ती इस्कीत, म्हणजे भारतीय लिप्यांच्या जुन्या संगणकी सांकेतिक पद्धतीत असते, किंवा नंतरच्या काळातल्या कुठल्यातरी फॉन्टात, आणि आजच्या लॅपटॉपवर उघडली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. कोणी प्राध्यापकाने खाडीतल्या माशांची नावं टाइप करून ठेवली असतील, कोणी वाडीवाडीच्या बोलीतले शब्द. कन्व्हर्टर आहेत, काम होतं, पण त्याला बसावं लागतं. बसण्यापेक्षा फोटो बरा. एवढ्या एका बाबतीत मला खरंच राग येतो, असो.

हार्ड डिस्क मात्र ऑफिसवाले कधी काढून घेत नाहीत, ती तुम्हाला मशीनबरोबर फुकट मिळते, आतल्या पगारपत्रकासकट, विद्यार्थ्यांच्या मार्कांसकट. "फॉरमॅट मारलंय" असं ते सांगतील. साध्या फॉरमॅटने माहिती जात नाही, फक्त ती कुठे आहे याची अनुक्रमणिका जाते, हे त्यांना सांगू नका, नाहीतर ते डिस्कला भोक पाडतील, आणि मग प्राध्यापकाचे मासेही गेले.

परदेशातली उदाहरणं द्यायची असतील तर जपून द्या. इंग्लंडात हार्वेलच्या अणुसंशोधन केंद्राला 1951 सालचं मशीन नको झालं तेव्हा त्यांनी काय करावं, तर 1957 मध्ये स्पर्धा लावली, जे कॉलेज याचा चांगला उपयोग सांगेल त्याला देऊ. वुल्वरहॅम्प्टनच्या कॉलेजने जिंकलं, 1973 पर्यंत वापरलं, आणि 2012 ला ब्लेचलीच्या कॉम्प्युटर म्युझियममध्ये ते परत चालू झालं. हे हेडक्लार्कना सांगाल तर ते विचारतील, स्पर्धेच्या खर्चाला मंजुरी कोणाची होती? त्यापेक्षा ॲपल-1 ची गोष्ट सांगा. 1976 चं मशीन, साधारण 200 च बनलेली, तेव्हाची किंमत 666.66 डॉलर. 2015 मध्ये कॅलिफोर्नियात एक बाई नवरा गेल्यावर गॅरेज साफ करून खोकी रिसायकलिंगवाल्यांकडे ठेवून गेल्या, त्यात हे निघालं, दोन लाख डॉलरला विकलं गेलं, आणि ते लोक निम्मे पैसे द्यायला बाईंना शोधत होते. ही गोष्ट तुम्ही ऑफिसात सांगितली की दुसऱ्या दिवशी जिन्याखाली कुलूप.

समजा सगळं पार पडलं आणि मशीन घरी आलं. मदरबोर्ड आंब्याच्या पेटीत पेंढ्यात घालून आणा, पेंढा दमट असेल तर अजून उत्तम, ऑफिसचं अर्धवट राहिलेलं काम तो पुरं करेल. मॉनिटर टेम्पोत काच खाली करून ठेवा असं सांगणारा ड्रायव्हर भेटला तर त्याचं ऐका, हे मात्र खरंच ऐका, जड भाग पुढेच असतो. घरी तो उघडून बघायचा मोह टाळा, कलर पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज ट्यूबमध्ये बसून राहू शकतो. पडवीत ठेवताना आई विचारेलच, "ह्यां काय हाडलंस रे? घरात माणसांक बसाक जागा नाय." तेव्हा 'हेरिटेज' हा शब्द वापरू नका. त्या घरात 1960 चा पाटा-वरवंटा रोज वापरात आहे.

कीबोर्ड तेवढा पाटावर, दर्शनी ठेवा. टीव्हीएस गोल्ड मिळाला असेल तर भाग्यवान आहात, चेरी कंपनीची निळी स्विचं, टाइप करताना कौलांवर पाऊस पडल्यासारखा आवाज. गणपतीला मुंबईहून पोरं येतील, त्यातलं एखादं खटखट करून विचारेल, "काका, हा चालू होतो?" चालू करून दाखवायच्या फंदात पडू नका, दाखवलं की ते त्यावर गेम मागणार आणि तुम्हाला प्रॉम्प्टवर काय टाइप करायचं ते आठवणार नाही. म्हणावं कपॅसिटर मागवलेत, कुरिअर आलं नाही अजून, आणि हवा पण दमट आहे, ऑक्टोबरात बघू. ऑक्टोबरात ती शाळेत असतात.