साडेतीन हजार डॉलरचा हेडसेट आणि दिवाणखान्यातला टीव्ही

‘ॲपलचा व्हिजन प्रो हा डोक्यावर बांधून डोळ्यांसमोरच्या छोट्या पडद्यांवर पाहायचा हेडसेट ३,४९९ डॉलरला, म्हणजे सुमारे ३ लाख रुपयांना पडत असला तरी नीट हिशेब केला तर तो स्वस्तच आहे,’ असा एक युक्तिवाद सध्या हातोहात फिरतो आहे. प्रत्येक डोळ्यासमोर ४के टीव्हीपेक्षा अधिक पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, असल्यामुळे कोणताही टीव्ही त्याच्या जवळपास येत नाही. टीव्ही, लॅपटॉप आणि चित्रपटाची तिकिटे या तिन्हींचा खर्च एकाच वस्तूत भागतो. पहिल्या आयफोनलाही लोक महाग म्हणून हसले होते. आणि म्हणून आज व्हिजन प्रो घेणे ही उद्याची गुंतवणूक आहे, असे त्याचे चार मुद्दे आहेत. अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना घेऊन ये’ असा निरोप धाडण्यापूर्वी हे मुद्दे तपासून पाहिलेले बरे.

पिक्सेलचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. आकडा खोटा नाही. व्हिजन प्रोच्या दोन पडद्यांवर मिळून २ कोटी ३० लाख पिक्सेल आहेत, तर ४के टीव्हीवर सुमारे ८३ लाख. परंतु चित्र किती रेखीव दिसेल हे पिक्सेलच्या एकूण संख्येवर ठरत नाही. ते पिक्सेल नजरेच्या किती अंशांवर पसरले आहेत यावर ठरते. हेडसेटचा पडदा डोळ्यांपुढचे जवळजवळ १०० अंश व्यापतो, आणि त्यावर आडवे सुमारे ३,६६० पिक्सेल असल्याने दर अंशाच्या वाट्याला सरासरी ३५-३६ पिक्सेल येतात. आता ५५ इंची टीव्ही २ मीटर अंतरावरून पाहू. त्याची सुमारे १२२ सेंटीमीटर रुंदी तेवढ्या अंतरावरून ३४ अंशांत मावते. टीव्ही ४के असेल तर दर अंशाला ११० हून अधिक पिक्सेल मिळतात, आणि जुना फुल एचडी असेल तरीही ५६ मिळतात. निरोगी डोळ्याला साधारणपणे दर अंशाला ६० पिक्सेलपर्यंतचा बारकावा ओळखता येतो. म्हणजे घरात दहा वर्षांपूर्वी घेतलेला टीव्हीसुद्धा निव्वळ रेखीवपणात या हेडसेटच्या पुढेच आहे.

याशिवाय हेडसेटमध्ये चित्रपट संपूर्ण पडद्यावर दिसत नाही, तर समोर उभारलेल्या आभासी पडद्यावर दिसतो. तो आभासी पडदा नजरेचे ६० अंश व्यापत असेल, तर त्याला आडवे जेमतेम २,१०० पिक्सेल मिळतात. ४के चित्रपट तिथे पोहोचेपर्यंत फुल एचडीच्या आसपास आलेला असतो. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. यातला काळा रंग खरोखरच काळा असतो, आणि दोन्ही डोळ्यांना स्वतंत्र चित्र मिळत असल्याने त्रिमितीय चित्रपटासाठी याहून चांगले घरगुती साधन माझ्या पाहण्यात नाही. दावा एवढ्यापुरताच केला असता, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

तिन्ही वस्तूंचा खर्च वाचतो हा मुद्दा त्याहून कच्चा आहे. टीव्ही घरातली पाच माणसे एकत्र पाहतात. हेडसेट एकाच्याच डोक्यावर बसतो, आणि तोही त्याच्या चेहऱ्याचे माप घेऊन निवडलेल्या गादीसह. चष्मा लागत असेल तर नंबरची भिंगे वेगळी घ्यावी लागतात, आणि त्यांचे आणखी १४९ डॉलर होतात. भारत-ऑस्ट्रेलिया सामना चालू असताना घरातल्या एकाने तो डोक्यावर चढवायचा आणि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघत धावसंख्या विचारायची, हे चित्र ज्याचे त्याने डोळ्यांसमोर आणावे. लॅपटॉपचे म्हणावे, तर व्हिजन प्रोचा कामासाठीचा सर्वांत वाखाणला गेलेला उपयोग म्हणजे मॅकचा, म्हणजे ॲपलच्याच संगणकाचा, पडदा मोठा करून हवेत दाखवणे. त्यासाठी मॅक आधी विकत घेतलेला असावा लागतो. आणि वजन? पहिल्या आवृत्तीत ते ६०० ते ६५० ग्रॅम होते, शिवाय ३५३ ग्रॅमची बॅटरी वायरला जोडून खिशात ठेवायची. दुचाकीवरचे हेल्मेट याहून जड असते, पण त्याचा भार सगळ्या डोक्यावर वाटला जातो. हेडसेटचा भार मुख्यतः पुढे, कपाळावर आणि गालांवर येतो.

आयफोनचे उदाहरण देणारे त्याची पुढची हकिकत सांगत नाहीत. जून २००७ मध्ये ५९९ डॉलरला आलेला आयफोन त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३९९ वर आला. शिवाय खिशात मोबाइल बाळगण्याची सवय लोकांना आधीपासून होतीच. आयफोनने फक्त जुन्या फोनची जागा घेतली. डोक्यावर दोन-दोन तास यंत्र बांधून बसण्याची सवय फारशी कोणाला नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये विक्रीला आलेल्या व्हिजन प्रोची एम५ चिपवाली आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये आली, ती ३,४९९ डॉलरलाच, आणि नव्या पट्ट्यासह तिचे वजन ७५० ते ८०० ग्रॅमपर्यंत वाढलेले होते. शिवाय महाग म्हणून हसे झालेली प्रत्येक वस्तू पुढे आयफोन झाली असे नाही. १,५०० डॉलरचा गूगल ग्लास हा चष्माही होता, आणि तो बाजारात टिकला नाही.

गुंतवणुकीच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. फेसबुकवाल्या मेटा कंपनीचा क्वेस्ट प्रो हा हेडसेट ऑक्टोबर २०२२ मध्ये १,५०० डॉलरला आला, पाच महिन्यांत १,००० वर उतरला आणि पुढे बंदच झाला. सॅमसंगचा गॅलेक्सी एक्सआर हा हेडसेट ऑक्टोबर २०२५ मध्ये १,७९९ डॉलरला, म्हणजे व्हिजन प्रोच्या जवळजवळ निम्म्या किमतीला आला. भारतातल्या ग्राहकाची अडचण आणखी वेगळी आहे. २०२४ मध्ये चीन, जपान, सिंगापूर, ब्रिटन, जर्मनी अशा देशांत व्हिजन प्रोची विक्री सुरू झाली, त्या यादीत भारत नव्हता. तो बाहेरून आणवायचा तर चेहऱ्याचे माप भाच्याने अंदाजाने द्यायचे की काय, हा प्रश्न विमानतळावरच्या सीमाशुल्काच्याही आधी उभा राहतो.

शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण देणारी संस्था किंवा इमारतीचा आराखडा उभारणीपूर्वी आतून फिरून पाहणारा वास्तुविशारद यांचा हिशेब निराळा आहे. तिथे एक चूक टळली तरी किंमत वसूल होते. घरी खेळ, व्यायाम आणि अधूनमधून चित्रपट यांसाठी हेडसेट हवा असलेल्या माणसापुढे मात्र २०२३ मध्ये ४९९ डॉलरला आलेला मेटाचा क्वेस्ट ३ ठेवावा लागतो. त्याचे वजन ५१५ ग्रॅम आहे. त्यात काळा रंग करडा दिसतो, आणि दर अंशाला सुमारे २५ पिक्सेल मिळतात. व्हिजन प्रोमध्ये ३५-३६ मिळतात. या दोन किमतींमधल्या ३,००० डॉलरमध्ये नुसत्या नजरेने पडद्यावरची गोष्ट निवडण्याची सोय, उत्तम काळा रंग, अधिक वेगवान चिप आणि दर अंशाला हे दहा-अकरा पिक्सेल येतात. लॅपटॉप आणि टीव्ही त्यात येत नाहीत, ते दोन्ही वेगळे घ्यावे लागतात.