लॅपटॉपऐवजी टॅब घेतला तर चालेल का?

परवा साताऱ्यात पोवई नाक्यावर एका जुन्या विद्यार्थिनीची आई भेटली. मुलीला सिव्हिल डिप्लोमाला ॲडमिशन मिळालीय. "मॅडम, लॅपटॉप काय परवडत नाही ओ. त्याच्याऐवजी टॅब घेतला तर चालंल का?" मला बसची घाई होती. "नका घेऊ," एवढंच बोलून निघाले आणि घरी येईपर्यंत चुटपुट लागून राहिली. माझ्या घरात टॅबशिवाय एक दिवस जात नाही, आणि तिला मात्र मी नको म्हणाले. ते का, ते इथे लिहिते. निकाल लागल्यापासून हा प्रश्न चौथ्यांदा आलाय.

मी घरी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. भूमितीची आकृती काढायला टॅब आणि पेनाइतकं सोयीचं मला आजवर काही मिळालेलं नाही. एक त्रिकोण लाल, त्याच्याशी समरूप असलेला दुसरा निळा, चुकली तर तेवढीच रेघ पुसायची. तापाने घरी राहिलेल्या पोराला संध्याकाळी तासाची सगळी पानं व्हॉट्सॲपवर जातात. पेन मात्र चांगलं घ्या. माझ्या पहिल्या टॅबवर रबरी टोकाचं साधं पेन होतं. तळहात काचेला टेकला की त्याचीही रेघ उठायची. हात अधांतरी धरून लिहिता लिहिता माझं मनगट धरलं.

बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. मोबाइलवर तेच पान चिमटीने मोठं करत, इकडून तिकडे सरकवत वाचावं लागतं. उदाहरण एका टोकाला, त्याची आकृती दुसऱ्या टोकाला. ११ इंची पडद्यावर अख्खं पान समोर असतं. पोरांचा निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

पण टॅबचं खरं चीज केलं ते आमच्या सासूबाईंनी. वय ७८, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, आणि माहेर वाईचं. मराठी विश्वकोश वाईत तयार झाला, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक, ही गोष्ट त्या माहेरच्या अभिमानाने सांगतात. ते जाडजूड खंड आता त्यांच्याने उचलवत नाहीत. विश्वकोश ऑनलाइन आहे हे कळल्यापासून दुपारी पलंगावर उशी टेकून एक नोंद वाचतात, अक्षर हवं तेवढं मोठं करून. परवा हळदीची नोंद वाचून झाल्यावर मला हाक मारली, "अगं, ये इकडे, ऐक जरा." सगळी परत मोठ्याने वाचून दाखवली. अडचण एकच, म्हातारपणी बोटं कोरडी पडतात आणि काचेला त्यांचा स्पर्श कळत नाही. दोन-तीनदा टेकवावं लागतं. बोट जरा ओलं करायला शेजारी वाटीत भिजवलेला रुमाल ठेवलाय. जुन्या मराठी पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या प्रतींवर मात्र काही इलाज नाही. तिथे पान मोठं होतं, ओळ पडद्याबाहेर जाते.

आता त्या मुलीचं बघू. तिला ऑटोकॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, शिकायचंय. त्याचं पूर्ण व्हर्जन टॅबवर चालत नाही, मोबाइल ॲपमध्ये सगळी साधनं नसतात. तीच गत टॅली शिकणाऱ्या कॉमर्सच्या मुलांची. २० पानांचा प्रोजेक्ट रिपोर्ट काचेवर टाइप करायला बसलं की निम्मा पडदा कीबोर्डनेच भरतो. मग कीबोर्ड वेगळा, कव्हर वेगळं, पेन वेगळं. बेरीज करत गेलं की आकडा साध्या लॅपटॉपजवळ पोचतो आणि हातात येतो तो टॅबच. सिम नसलेला घेतला तर ओटीपीसाठी मोबाइल शेजारी हवाच.

आणि दुरुस्ती. गेल्या पावसाळ्यात टॅब टीपॉयवरून फरशीवर पडला, कोपऱ्यातून काच तडकली. पडदा पुण्याहून मागवावा लागला, १७ दिवस गेले. १८ हजारांच्या वस्तूला साडेसात हजार मोजले. पैसे गेले ते गेले, पण परीक्षा तोंडावर असताना पोरांच्या आकृत्या अडकल्या. साताऱ्यात मोबाइलची काच तासाभरात बदलून मिळते, टॅबची मिळत नाही. हे घेण्याआधी मला कुणी सांगायला हवं होतं.

त्याहून जास्त राग येतो तो पहिल्या टॅबचा. २०१८ साली घेतलेला. बॅटरी ठीक, पडद्यावर ओरखडा नाही, आणि एक दिवस बँकेचं ॲप सांगतं, या डिव्हाइसवर चालणार नाही. कंपनीने अपडेट द्यायचं कधीच बंद केलेलं. धडधाकट वस्तू नुसती पडून आहे. म्हणून दुकानात रॅम आणि कॅमेरा विचारण्याआधी एवढं विचारा, "अपडेट किती वर्षं मिळणार?" उत्तर देता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

त्या ताईंना काल फोन केला. कॉलेजची लॅब संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते ते आधी बघा, म्हटलं. पहिलं वर्ष त्यावर निघालं तर थोडं थोडं साठवून लॅपटॉपच घेता येईल, वापरलेला चांगला मिळाला तरी चालेल. रविवारी मुलीला घेऊन या म्हणून सांगितलंय. माझा टॅब तिच्या हातात देणार आहे. चार पानं टाइप करून बघू दे, मग तिचं तीच सांगेल.