लात मारायचं लायसन

ज्या कामाला लायसन लागतं ते काम बिनलायसननं करायची आमच्या गावची जुनी रीत आहे. मिसरूड न फुटलेले पोट्टे ट्रॅक्टर चालवतात, एका मोटरसायकलवर चौघं बसतात आणि फाट्यावर पोलीस उभा असल्याची खबर आली की गाडी तुरीच्या धुऱ्यावरून काढतात. अशा गावात, फुटबॉल शिकवायचं लायसन काढायला नागपूरला जातोय असं मी पारावर बोलून गेलो. पार गप्प झाला.

"मास्तर," शेजारचे काका खर्रा घोटता घोटता थांबले, "लात मारायले लायसन?"

"मारायले नाई काका, शिकवायले."

"आमची म्हैस रोज मारते. तिनं कुठून काढलं?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हशीचा नेम माझ्यापेक्षा चांगला आहे, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक. फुटबॉलचा आणि माझा संबंध आला तो 2017 साली. अंडर-17 वर्ल्ड कप भारतात व्हायचा होता आणि त्याआधी 15 सप्टेंबरला महाराष्ट्रात दहा लाख पोरांनी फुटबॉल खेळायचा असं ठरलं. शाळाशाळांत बॉल आले. आमच्याकडेही आले. त्या दिवशी खेळून, फोटो काढून, अहवाल पाठवून झाल्यावर हेडसरांनी ते कपाटात ठेवले आणि डेडस्टॉक रजिस्टरला चढवले. एकदा रजिस्टरला चढलेली वस्तू वापरायची म्हणजे ती झिजणार, झिजली की निर्लेखन करून रजिस्टरातून उतरवावी लागणार, आणि निर्लेखनाचा प्रस्ताव मंजूर होईपर्यंत माणूस रिटायर होतो. म्हणून बॉल सुरक्षित राहिले.

पुढे कपाट बदलताना ते बाहेर आले आणि सातवीच्या पोरींनी पळवले. हवा नव्हती. पंप सायकलवाल्याकडे होता, सुईही त्याच्याकडेच निघाली. त्यानं सुईला थुंकी लावली, व्हॉल्व्हमध्ये अलगद सारली, पंप मारला आणि अंगठ्यानं दाबून "झाला टनक" असं प्रमाणपत्र दिलं. नियमात बॉलमधली हवा 0.6 ते 1.1 अॅटमॉस्फिअर लिहिली आहे. सायकलवाल्याचा अंगठा त्याच्या आसपास भरत असावा.

पोरी खेळायला लागल्या आणि आठवड्याभरात एकीनं विचारलं, "सर, तुमाले येते का शिकवता?" प्रश्न साधा होता, पण शिक्षकाला पेन्शनीपर्यंत झोपू न देणारा.

चौकशी केली तर कळलं की या लायसनची एक शिडी आहे. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचं ई, मग डी, मग आशियाई फेडरेशनच्या नावाचे सी, बी, ए आणि सगळ्यात वर प्रो. वर सरकताना मध्ये प्रत्यक्ष पोरं शिकवल्याचा अनुभव लागतो. मी सरपंचांना हे समजावत होतो. "आधी ई, ई झालं की डी" इथपर्यंत आलो आणि त्यांनी घाईघाईनं नळयोजनेचा विषय काढला.

ऑनलाइन नोंदणीचं फार सांगत नाही. ज्यानं पीक विम्याचा फॉर्म भरलाय त्याला ते सगळं पाठ आहे. आधारवर माझ्या नावात वेलांटी पहिली, टीसीवर दुसरी. फोटो केबीत मावेना. ओटीपी यायचा तेव्हा वीज जायची आणि वीज यायची तेव्हा ओटीपी मेलेला असायचा. सेतूवरच्या पोरानं शेवटी हात जोडले, "सर, तुमी दुसऱ्या खेळाचं पाहा ना." पण नोंदणी झाली.

मग तयारी. खेळाचे एकूण 17 नियम. गोल 7.32 मीटर रुंद, 2.44 मीटर उंच. एवढ्या विचित्र आकड्यांचं कारण म्हणजे मूळ मापच इंग्रजांचं, आठ यार्ड आणि आठ फूट. पेनल्टीचा ठिपका गोलपासून 11 मीटरवर. पुस्तकात हे फार सुबक दिसतं. आमच्या मैदानावर गुरुवारी बाजार भरतो, हंगामात तुरी वाळतात आणि एरवी बकऱ्या असतात. तरी एकदा खरं माप आखून पाहावं म्हणून मी फक्की मागितली.

फक्की ही आमच्या शाळेत मौल्यवान चीज. वर्षाला एक पोतं येतं, अर्धं 15 ऑगस्टचं आणि अर्धं 26 जानेवारीचं. हेडसरांनी ऑगस्टच्या वाट्यातली दोन घमेली दिली, तीही मोजून. सुतळी ताणली, एका टोकाला मी, दुसऱ्याला सातवीची मॉनिटर. वाकून, मुठीतून फक्की सोडत सोडत मी पेनल्टी एरिया ओढला. पाठ सरळ करून बघतो तर तीन बकऱ्या त्यातूनच शांतपणे चालल्या होत्या आणि मागे पांढऱ्या खुरांचा चौथा पट्टा उमटत होता. संध्याकाळी पावसाची सर आली. सकाळी मैदान पुन्हा काळंभोर, आणि चिखल असा की चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढे जातो.

नागपूरला एस.टी.नं गेलो. कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी. सीटखाली बायकोनं दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. निघताना ती म्हणाली होती, "तुमी दोन जिने चढले का धापा टाकता. तठी पयाले लावलं तं सांगजा, मास्तर लोकं शिकवतात, पयत नसतात."

नागपूर म्हणजे विदर्भातला फुटबॉलचा अड्डा. कामठीच्या रब्बानी क्लबचं नाव तिकडे आदरानं घेतात. इथल्याच हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 साली झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलला लावलं, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या स्लम सॉकरची पोरं पुढे होमलेस वर्ल्ड कपला परदेशात खेळून आली. हे मला पहिल्याच सकाळी तर्री-पोहे खाताना एका सहशिबिरार्थ्यानं सांगितलं. तर्रीमुळे माझ्या डोळ्यांत पाणी होतं, त्याला वाटलं मी भारावलो. शिबिरात बहुतेक पंचविशीतले माजी खेळाडू, दोन-तीन पीटीचे सर, एक पोटवाले हवालदार आणि मी.

प्रशिक्षकांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुम्ही पीटीचा तास कसा घेता?"

माझा हात आधी वर. म्हटलं, सर, पहिले मैदानाला दोन राउंड, मग उंचीप्रमाणे रांग, मग काय करायचं ते नीट समजावून सांगतो, मग एकेकाला बॉल देतो.

त्यांनी मान डोलावली, फळ्यावर लिहिलं: राउंड, रांग, भाषण. आणि तिन्हीवर एकेक काट मारली. म्हणाले, लहान पोरांना शिकवताना या तीन गोष्टी नकोत.

मी सुन्न. डी.एड.पासून आजवर मी जे कमावलं ते या तीन शब्दांत बसत होतं. चौथं काही माझ्याजवळ नाही. कमरेला शिट्टी आहे, पण तिच्याबद्दलही दुपारी कळलं की जपून वाजवायची.

त्यांनी हिशेबच मांडला. रांगेत वीस पोरं, बॉल एक, प्रत्येकाला पंधरा सेकंद. म्हणजे पोराचा नंबर परत यायला पाच मिनिटं. पस्तीस मिनिटांच्या तासात सात वेळा. पोरगं बॉलपाशी असतं पावणेदोन मिनिटं, उरलेला सगळा वेळ पुढच्याच्या पाठीला चिमटे काढतं. त्यापेक्षा वीस पोरांचे चार गट करा, दोन लहान मैदानं करा, पाच-पाचचा खेळ लावा आणि तुम्ही बाजूला व्हा. एवढ्याशा खेळात ऑफसाइड नावाचा किचकट नियमही ठेवायची गरज नाही. हे ऐकून पीटीच्या सरांच्या चेहऱ्यावर तेज आलं.

लेखी भागात मात्र मी वाघ. सेशन प्लॅन म्हणून एक कागद भरायचा असतो: जागा किती मीटर, पोरं किती, खुणेला मांडायचे प्लास्टिकचे कोन किती, गट ओळखायला घालायच्या रंगीत बंड्या म्हणजे बिब किती, कोणते मुद्दे शिकवणार, पोरांना जमलं तर खेळ अवघड कसा करणार. म्हणजे आपलं टाचण. टाचण काढण्यात जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला हरवेल असा माणूस अजून जन्मायचाय. मी उद्दिष्टं, पूर्वज्ञान, मूल्यमापन सगळं घातलं, खाली दोन रंगांत रेघ मारली. माजी खेळाडू माझ्या कागदाचा फोटो काढून नेत होते.

खरी परीक्षा मैदानावर. एकानं कोच व्हायचं आणि बाकीच्यांनी दहा वर्षांची पोरं. माझा विषय पासिंग, आणि माझ्या वाट्याला आलेल्या बालकांत ते हवालदार. त्यांनी भूमिका मनावर घेतली. सुरुवात करतो न करतो तोच ओरडले, "सर, यानं मले ढकललं!" समोरचा मोहननगरचा सेंटर फॉरवर्ड, सहा फुटी, तो म्हणे, "खोटं सर, यानंच मले बापावरून बोललं!" तिसरा बालक बिब डोक्यावर बांधून फिरत होता. मी अजून कोन मांडतोय तोवर हवालदारांनी करंगळी वर केली. "सर, एक नंबरले जाऊ?"

माझ्या तोंडून अठरा वर्षांची नोकरी बोलली, "आताच तं गेलता बे! बस खाली!"

काठावर प्रशिक्षक वहीत काहीतरी लिहीत होते.

त्यात खेळ थांबवून दाखवायची एक पद्धत असते. चूक दिसली की "थांबा" म्हणायचं, सगळे आहे तिथं उभे, कोचनं एकच गोष्ट दाखवायची आणि लगेच खेळ सुरू. मी "थांबा" म्हटलं. सगळे पुतळे झाले. समोर एवढी माणसं मुकाट उभी आहेत हे दृश्य शिक्षकाला फार घातक. मी पासचं महत्त्व सांगितलं, मग सहकार्याचं, मग गावाच्या एकीचं सांगायला घेतलं. मे महिन्याचं नागपूर, सकाळचे नऊ वाजलेले, ऊन टाळूत उतरत होतं. एका पायावर थांबवलेला सेंटर फॉरवर्ड हळूहळू कलायला लागला. शेवटी हवालदारच बालकाची भूमिका सोडून ड्युटीवरच्या आवाजात म्हणाले, "मास्तर, भाषण आटपा, पोट्टा पडते."

तरी पास झालो. बहुधा टाचणावर.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. आमच्याकडे उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडते. पहिल्याच पीटीला मी नवं तंत्र लावलं. चार गट, दोन मैदानं, गोलांना विटा, बिब म्हणून निम्म्यांचे शर्ट उलटे. राउंड नाही, रांग नाही, भाषण नाही. पोरं अशी काही खेळायला लागली की धुरळा आणि कल्ला पंचायतीपर्यंत. मी निंबाच्या झाडाखाली उभा राहून निरीक्षण करत होतो. तोंड उघडू नये म्हणून दातांत काडी धरली होती.

नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख आले. फाटकापाशी गाडी लावून बराच वेळ बघत राहिले. मग धावत्या एका पोरीला अडवून विचारलं, "तास कशाचा आहे?"

"पीटीचा."

"मग सर कुठे आहेत?"

"थे काय निंबाखाली. त्यायले बोलाची मनाई हाये, नागपूरवरून."

हेडसरांच्या खोलीत चहा झाला. मी लायसनचा कागद दाखवला, त्यांनी उलटसुलट करून पाहिला, "ई म्हणजे चांगलं की वाईट?" असं विचारलं आणि शेरेबुक ओढून लिहिलं: 'क्रीडा तासिकेस भेट. विद्यार्थी आनंदात खेळताना आढळले. शिस्त आढळली नाही. शिक्षक उपस्थित होते, परंतु काही करताना दिसले नाहीत.'

डीच्या फॉर्मला अनुभवाचा पुरावा मागितला, तर त्या पानाची झेरॉक्स जोडून देणार आहे.