कर्नलसाहेबांच्या नावावर काहीही खपवू नका

गेल्या आठवड्यात भाच्याने मला एक फॉरवर्ड पाठवला. ‘छोटी सी बात’ सिनेमातल्या, प्रेमात पडलेल्यांना डावपेच शिकवणाऱ्या कर्नलचे म्हणे पाच धडे: गुरू करा, मुलीच्या मागे फिरणं सोडू नका, दुसऱ्याला तोंडघशी पाडा, रुबाब दाखवा, आणि खोटं पचलं की तेच प्रेम. पाठवून थांबला असता तर मीही गप्प बसले असते. पण शनिवारी हा पठ्ठ्या भाड्याची बाइक घेऊन एका मुलीसमोर उभा राहिला आणि म्हणाला, ‘नवी घेतली.’ काळ्या पाटीवर पिवळे आकडे! गोव्यात शाळेतलं पोरही सांगेल की ही रेंटची गाडी. तिने पाटीकडे बघितलं, याच्याकडे बघितलं आणि फोंड्याची बस पकडली.

आता त्या पाचव्या धड्याचं बघू, कारण सगळं विष तिथे आहे. बासू चटर्जींचा हा १९७६चा सिनेमा लिहिणाऱ्याने शेवटपर्यंत पाहिलेलाच नाही. खंडाळ्याला कर्नलकडे (अशोक कुमार) शिकून आल्यावर प्रभावर प्रेम करणारा बुजरा अरुण ज्या युक्त्या वापरतो, त्यांनी जिरते ती त्याचा प्रतिस्पर्धी नागेशची. टेबल टेनिस घ्या, नाहीतर हॉटेलातला प्रसंग घ्या. प्रभाला गटवायची जी शेवटची युक्ती कर्नलने शिकवलेली असते, ती अरुणला जमतच नाही. त्याचं तिच्यावर खरंच प्रेम असतं, म्हणून हात आखडतो. म्हणजे गुरूचं ऐकलं नाही तिथेच गडी पास झाला! हा सिनेमा ज्यावरून घेतला तो मूळ इंग्रजी ‘स्कूल फॉर स्काउंड्रल्स’ही (१९६०चा) स्टीफन पॉटर या विनोदी लेखकाच्या पुस्तकांवरून घेतलेला, आणि ती पुस्तकं म्हणजे अशा डावपेचांची टिंगल. टिंगलीचं गाइड करून वाटायचं म्हणजे कमाल झाली.

मागे फिरण्याबद्दल एवढंच: अरुण बसस्टॉपपर्यंत प्रभाच्या मागे जातो ते तेव्हा गोड वाटलं. आज मुलीने नको म्हटल्यावरही मागे लागलात, तर पाठलाग हा गुन्हा ठरवणारं भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. दुसऱ्याला पाडायचं म्हणाल, तर आमच्या बांदोड्याला नागेश म्हणजे देव, नाव काढलं की लोक हात जोडतात, पण असरानीच्या नागेशची जिरली की मीही टाळ्या वाजवते. ते सोडा.

रुबाबाचा मुद्दा मात्र, नाइलाजाने, अर्धा मान्य. ताठ उभं राहा, समोरच्याकडे बघून बोला, हे कर्नल शिकवतो आणि ते उपयोगी आहे. आमच्या भाच्याला तर फारच. फोनवर ‘हॅलो’ म्हणायलाही तो तीनदा खाकरतो. पण त्यासाठी दुसऱ्याची गाडी कशाला लागते?

हे सगळं त्याला ऐकवलं. मान खाली घालून म्हणाला, ‘मावशी, पटलं.’ मग कळलं, बाइकचं भाडं त्याने माझ्याकडूनच नेलं होतं, कॉलेजच्या प्रोजेक्टच्या नावाखाली.